ऊस किती तास थांबतो?

(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, विषय काय ठेवायचा? मी म्हटलं, ‘जिवाणू कुठे वाढतात आणि कुठे वाढत नाहीत.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच म्हणाले, ‘मॅडम, लोक बसतील ना?’ मी म्हटलं, संतकवी मुकुंदराजांच्या गावात लोक ब्रह्मज्ञान ऐकायला बसतात, मग जिवाणूंनीच काय घोडं मारलंय? सभागृह भरलेलं दिसतंय, म्हणजे निम्मी पैज मी जिंकले. उरलेली निम्मी तुमच्या हातात आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी इथे बरेच दिसताहेत. म्हणून परीक्षेतल्यासारखी व्याख्या वगैरे सांगत बसत नाही. सरळ मुद्द्यावर येते.

लोक मला विचारतात, जंतू येतात कुठून? मी म्हणते, कुठून येत नाहीत ते विचारा. या खुर्चीच्या हातावर आहेत, तुमच्या तळहातावर आहेत, माझ्यासमोरच्या तांब्यात आहेत. पावसाच्या पहिल्या सरीला आपल्या काळ्या मातीचा जो वास सुटतो, तोसुद्धा मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा. आहेत, तर आहेत. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. ते वाढले का? इथे वाढले आणि तिथे का नाही वाढले? काल नव्हते, आज कोट्यवधी कसे झाले? याचं उत्तर जिवाणूत फारसं सापडत नाही, त्याच्या भोवताली सापडतं. पाणी किती, ऊब किती, आंबटपणा किती, हवा आहे की नाही. आणि या सगळ्यांच्या वर बसलेली गोष्ट, ती म्हणजे वेळ.

वेळेचा हिशेब आधी करू, कारण आपली फसगत तिथेच होते. ई. कोलाय नावाचा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो. भरपूर खाद्य, भरपूर पाणी आणि अंगाइतकी ऊब मिळाली, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. चाळीस मिनिटांत चार. तासाला आठ. ऐकायला काही विशेष वाटत नाही ना? पुढे चला. रात्री अकराला वरणात एक पडला असं धरा. सकाळी सहापर्यंत सात तास, म्हणजे एकवीस वेळा दुप्पट. किती झाले? २० लाख ९७ हजार १५२. एका जिवाणूपासून, एका रात्रीत! अर्थात स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. रात्री हवा थोडी उतरते, वाढ मंदावते. पण गणिताची जात कळली असेल. पहिले काही तास काहीच घडत नाही असं वाटतं, आणि शेवटच्या तासाभरात सगळं घडतं. सावकार व्याज लावतो ना, तसंच. म्हणून ‘अजून तासाभराने काय होतंय’ हे वाक्य पहिल्या तासाला खरं असतं आणि सातव्या तासाला खोटं.

आता पाणी. बीड जिल्ह्याच्या माणसाला मी पाण्याबद्दल काय सांगणार! निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडजवळ खजाना विहीर बांधली आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी रानात नेलं, ती विहीर आपण अजून पाहुण्यांना नेऊन दाखवतो. आणि त्याच जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हेही आपणच पाहिलं. पण जिवाणूचं पाणी वेगळं. किती पाणी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोकळं किती आहे, एवढंच तो बघतो.

म्हणजे काय? आपल्या जिल्ह्याची वेस ओलांडली की धाराशिवच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी. तिथला खवा आणि पेढा ठाऊक नाही असा माणूस बालाघाटावर सापडायचा नाही. दुधात शेकडा सत्त्याऐंशी भाग पाणी. कढईत दूध सतत हलवत आटवायचं, की खव्यात शेकडा तीसच्या आसपास पाणी उरतं. दूध उन्हाळ्यात काही तासांत नासतं, खवा त्याहून बराच टिकतो. पण तोही उबेत दोन-चार दिवसांत आंबूस वास मारायला लागतो. त्याच खव्यात साखर घालून पेढा केला की तो आणखी टिकतो. का? साखरेने जंतू मेले का? नाही. पेढ्यात थोडं पाणी आहेच, पण साखरेने ते धरून ठेवलं. जिवाणूला तोंड नसतं. अंगाच्या आवरणातून तो पाणी आत घेतो. बाहेर साखर दाट असली की पाणी आत येण्याऐवजी उलट त्याच्यातलंच बाहेर ओढलं जातं. बिचारा पाण्यात बसून तहानलेला! मीठसुद्धा हेच करतं. लोणच्याच्या बरणीत दुसरं काय चालतं?

याला मापही आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली पुवाच्या जिवाणूवर, म्हणजे स्टॅफिलोकोकसवर, काम करून दाखवून दिलं की पदार्थात एकूण पाणी किती याला अर्थ नाही, मोकळ्या पाण्याचं माप घ्या. शुद्ध पाण्याला १ धरायचं. ताजं दूध, मांस, भाजी ०.९८च्या वर. ०.९१च्या खाली उतरलं की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. स्टॅफिलोकोकस मात्र हट्टी, तो ०.८६पर्यंत वाढत राहतो. लग्नाच्या पंगतीत मिठाईने विषबाधा झाली की संशय आधी त्याच्यावर जातो, तो यामुळेच. ०.६च्या खाली कोणाचंच काही चालत नाही. आपल्या आज्या-पणज्यांकडे हे माप नव्हतं. त्यांच्याकडे मे महिना होता. कुरडया, पापड, सांडगे कडकडीत वाळवून डब्यात भरले की वर्षभर चिंता नाही. बीडच्या उन्हाने आपलं सोनं केलं असं कोणी म्हणणार नाही, पण वाळवणं तरी केली.

उबेबद्दल फार बोलत नाही. थंडीने जिवाणू बहुधा मरत नाहीत, थांबतात. फ्रिजचं काम तेवढंच, आणि तेही लाइट असेल तोवर. परळीला औष्णिक वीज केंद्र असून आपल्याकडे लाइट किती असते, हा विषय दुसऱ्या कोणत्या तरी व्याख्यानमालेत घ्यावा.

आंबटपणावर मात्र थांबायला हवं, कारण पुढे मला तो लागणार आहे. शेतकरी मंडळी मातीचा सामू तपासतात. ७ म्हणजे मध्यम; त्याखाली आंबट, त्यावर चुनखडीकडे झुकणारं. बहुतेक जिवाणूंना ७च्या आसपास मानवतं. दुधाचा सामू साडेसहाच्या वर. विरजण लावलं की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तो साडेचारच्या आसपास उतरवतात. आता गंमत बघा. आंबट झालेल्या दह्यात दुसऱ्यांना राहता येत नाही. म्हणजे एका जातीच्या जिवाणूने घर असं करून ठेवलं की बाकीच्यांची गैरसोय व्हावी. आष्टी तालुक्यातले दूधवाले मुरघास करतात, तेही याच तत्त्वावर. हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवा काढून पिशवीत बंद करायचा. हवा नसली की बुरशीची पंचाईत होते, हवेविना जगणारे आंबट जिवाणू पुढे सरसावतात, सामू ४च्या आसपास येतो आणि चारा महिनोन्महिने टिकतो. पिशवीला भोक पडलं तर? भोकाभोवतीचा चारा काळा पडून सडतो. तेवढाच भाग. वाढ ठरते ती अशी, वितीवितीवर.

कुठल्याही परिस्थितीत राहणारा कोणी तरी निघतोच, हेही जाता जाता सांगते. मराठवाड्याच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर, सामू १०च्या आसपास, साबणाच्या पाण्यासारखं. २०२० च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झालं आणि लोकांनी शकुन-अपशकुन काढले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि खारात वाढणारे, जिवाणूंचे दूरचे भाऊबंद म्हणावेत असे सूक्ष्मजीव माजले होते. त्यांचा रंग गुलाबी. पाऊस पडून पाणी वाढलं, रंग गेला. दुसरी तऱ्हा टिकून राहणाऱ्यांची. फऱ्या आणि धनुर्वाताचे जिवाणू वाईट दिवस आले की बीजाणू करून मातीत पडून राहतात, वर्षानुवर्षं. म्हणून पावसाळ्याआधी वासरांना फऱ्याची लस टोचायची. आणि म्हणून कोयत्याने बोट कापलेल्या माणसाला धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू द्यायचं नाही.

कोयत्याचं नाव निघालंच आहे. आता ज्यासाठी एवढी प्रस्तावना केली, तिथे येते.

ऊस. उभा ऊस म्हणजे साखरपाण्याची बंद नळी. बाहेरून मेणासारखं आवरण, आत रस. उभ्या उसाच्या आतल्या रसात जिवाणूला वाव नसतो. कोयत्याचा पहिला घाव बसतो आणि नळी उघडी होते. रसात शेकडा बारा-पंधरा साखर, म्हणजे पेढ्यासारखी पाणी धरून ठेवणारी दाट नव्हे. पातळ, भरपूर मोकळं पाणी असलेली. सामू सव्वापाचच्या आसपास, जरा आंबटकडे. हवामान कोमट. अशा जागी कोण येईल? ल्यूकोनोस्टॉक. पाचटावर, मातीवर, कोयत्याच्या पात्यावर तो असतोच. कापलेल्या तोंडातून आत शिरतो.

हा ल्यूकोनोस्टॉक तसा आपला ओळखीचा. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, त्यात याचा मोठा हात असतो. इडलीत पाहुणा, उसात चोर! तो करतो काय? साखरेचा प्रत्येक कण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन भागांचा असतो. हा त्यातलं ग्लुकोज तोडून त्याच्या लांबच लांब माळा करतो. त्या माळांना डेक्स्ट्रान म्हणतात. हाताला बुळबुळीत, चिकट. युरोपातल्या साखर कारखान्यांत हे बुळबुळीत गोळे नळ्यांत साचायचे आणि कामगार त्यांना बेडकाची अंडी म्हणायचे. फ्रान्सच्या व्हॅन टिगेम यांनी १८७८ साली त्या गोळ्यांतल्या जिवाणूला ल्यूकोनोस्टॉक हे नाव दिलं. हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून दवाखान्यात रक्तस्रावाच्या रोग्याच्या शिरेतून देतात. पण रसात आलं की वैरी. रस दाट होतो, गाळताना तुंबतो, आटायला वेळ लागतो, साखरेचे दाणे चौकोनी यायच्या ऐवजी सुईसारखे लांबट येतात. आणि सगळ्यात मजेशीर लबाडी पुढेच आहे. प्रयोगशाळेत रसातली साखर मोजतात ती प्रकाशाचा किरण किती वळतो त्यावरून. डेक्स्ट्रान तो किरण साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतं. म्हणजे साखर खाल्ली जिवाणूने आणि यंत्र सांगतं, साखर भरपूर आहे! कागदावर रस गोड, पोत्यात साखर कमी. केमिस्ट मंडळी इथे असतील तर मान हलवतील.

त्यात उसाचं स्वतःचंही नुकसान चालू असतं. तोडल्यावर उसातलीच विकरं साखर फोडायला लागतात, ऊन पाणी शोषून घेतं, वजन उतरतं. शेतकऱ्याला पैसे वजनावर, आणि भाव बांधलेला साखरेच्या उताऱ्याला. म्हणून सगळ्यांना एकच घाई: तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. जाळलेला ऊस असेल तर त्याहून लवकर, कारण आवरण तडकलेलं असतं. यंत्राने तुकडे केलेला असेल तर आणखी लवकर. जितकी तोंडं जास्त, तितके दरवाजे जास्त. गव्हाणीपासून रस तापवेपर्यंत कारखाना काय काय करतो! चरक वाफेने धुतात, जंतुनाशक सोडतात, कोपऱ्यात रस साचू देत नाहीत. रसात चुना घालून उकळीपर्यंत तापवला की ल्यूकोनोस्टॉकची गोष्ट संपली. साखरेच्या पोत्यात तर मोकळं पाणीच नाही, तिथे कोणीच वाढणार नाही.

आता मी तुम्हाला विचारते. चोवीस तासांचं हे घड्याळ चालतं कोणाच्या जोरावर?

आपल्या. दसरा-दिवाळी झाली की बीड, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज इथून काही लाख माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. बायको मोळ्या बांधणार, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणार, पोट असलं तरी आणि पाळी असली तरी. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला उठून भरायचा, कारण ऊस थांबत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, खाड्याचे पैसे कापणार. आणि हे सगळं का? एका जिवाणूला वाढायला वेळ मिळू नये म्हणून. हे मी कडवटपणे बोलत नाही. शास्त्र म्हणून बोलते. ल्यूकोनोस्टॉकची वाढ रोखण्याचा जगातला एक मोठा उपाय म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांची झोपमोड.

मग माझा पुढचा प्रश्न. ज्या बाईच्या हातून उसातला जिवाणू रोखला जातो, तिच्या कोपीत कोणता जिवाणू रोखला जातो?

चला, त्याच मापांनी मोजू. पाणी. फडाजवळ पाचटाच्या कोप्या, पाण्याला एखादी विहीर, पाट, नाही तर टँकर. पाणी भरतात पिपात. कधी जुन्या तेलाच्या, कधी औषधाच्या रिकाम्या पिपात. पिपाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. तो जिवाणूंचा थर आहे. त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली तरी वरच्या पाण्यातले मरतात, थराच्या आतले वाचतात. पावडरही कशी? उन्हात, उघड्या पोत्यात ठेवली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्या गाळावरच खर्ची पडतो. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, सामू बहुधा ७च्या वर. साडेसातला क्लोरीनचा निम्मा जोर गेलेला असतो, आठच्या वर तर विचारू नका. म्हणून पाण्यात पावडर टाकली हे पुरेसं नसतं. अर्ध्या तासाने पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे बघावं लागतं. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट करतात ना? नळीत पाणी, दोन-तीन थेंब, पिवळा रंग आला तर ठीक. दोन मिनिटांचं काम. फडावर ती कोण करतं?

दुसरं. बाई पाणीच कमी पिते. का? आडोसा नाही म्हणून. उजाडण्याआधी जाऊन यायचं, मग थेट अंधार पडल्यावर. डॉक्टर मंडळी जाणतात, लघवीच्या मार्गातून जिवाणू थोडेफार वर चढतातच. शरीराचा त्यावरचा पहिला उपाय साधा आहे, वरून धार सोडून धुऊन काढायचं. धार दिवसभर अडवली तर मूत्राशयात ऊब आहे, पाणी आहे, आणि वेळ आहे. वीस मिनिटांचं गणित सुरुवातीला केलं होतं. ते वरणापुरतं नव्हतं.

तिसरं, आंबटपणा. मघाशी मी म्हटलं होतं, दह्यातले जिवाणू घर आंबट करून ठेवतात. या सभागृहात पुष्कळ पुरुष आहेत, तरीही मी स्पष्ट बोलणार आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या बाईला तेवढा अधिकार असतो. बाईच्या योनिमार्गात दह्यातल्या जिवाणूंचेच चुलत भाऊ राहतात, लॅक्टोबॅसिलस. जर्मनीतल्या डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचं वर्णन केलं. ते तिथला सामू ४च्या आसपास ठेवतात. जोवर आंबट, तोवर बाकीच्यांना मज्जाव. पाळीच्या रक्ताचा सामू ७च्या वर. त्या दिवसांत हा बंदोबस्त जरा ढिला पडतो. अशा वेळी कापडाची घडी दिवसभर बदलायला मिळाली नाही, धुवायला पाणी नाही, आणि धुतलेलं कापड लाजेपोटी साडीखाली, सावलीत, अर्धं ओलं वाळत पडलं, तर? बीडच्या मे महिन्याने जो पापड वर्षभर टिकवला, त्याच उन्हाचा तास-दोन तास त्या कापडाला मिळाला असता तर कितीतरी जंतू मेले असते. पाणी, ऊब, वेळ. सगळं जिवाणूच्या बाजूने. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. आणि मग ती दवाखान्यात जाते.

दवाखान्यात काय होतं? २०१९ साली विधान परिषदेत सरकारने माहिती दिली: तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन पाहण्यांच्या रीती वेगळ्या, मान्य. तरी सतरा कुठे आणि तीन कुठे? यात सगळ्याच शस्त्रक्रिया अनाठायी होत्या असं मी म्हणणार नाही. काही जणींना खरंच गरज असेल. पण कॅन्सरची भीती घालणं, खाडा नको म्हणून बाईनेच ‘काढूनच टाका’ म्हणणं, याच्या हकिकती आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मी सूक्ष्मजीवशास्त्राची मास्तरीण, म्हणून माझ्या विषयापुरतं सांगते. पांढरं जाण्याला गर्भाशय काढणं हा उपाय नाही. जिवाणूचा बंदोबस्त योग्य औषधाने होतो, आणि परिस्थिती बदलली तरच तो टिकतो.

उलट काय होतं ते ऐका. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन एकदम उतरतं. लॅक्टोबॅसिलसला खाद्य पुरवणारी साखर त्या इस्ट्रोजेनच्या जिवावर तयार होत असते. ती कमी झाली, की लॅक्टोबॅसिलस कमी. ते कमी, की आंबटपणा कमी. आंबटपणा गेला, की लघवीच्या मार्गात संसर्ग सोपा. तिशी-पस्तिशीच्या बाईला साठीतल्या बाईचं दुखणं. जिवाणूंपासून सुटका व्हावी म्हणून ऑपरेशन केलं, आणि जिवाणूंनाच दार उघडं करून दिलं.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी जाऊन आले आहे. उत्तम असते. दर शिफ्टला रसाचा सामू लिहितात, ब्रिक्स म्हणजे रसाची दाटी लिहितात, चरक कधी धुतला त्याची नोंद असते. ऊस तोडल्याची वेळ आणि गव्हाणीत पडल्याची वेळ यांतला फरक किती, यावरून शेतकी अधिकाऱ्याला झापतात. उसाच्या बाबतीत आपण पाणी, ऊब, सामू, वेळ हे सगळं मोजतो, लिहितो, आणि चुकलं तर कोणाला तरी जाब विचारतो. मला नवं काही नको आहे. हीच वही चार ओळींनी वाढवा.

एक, टोळी उतरते तिथल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे त्याच केमिस्टने रोज बघावं; ओटीची बाटली त्याच्या खिशात मावते. दोन, पीप झाकणाचं आणि तोटीचं, आठवड्याला आतून घासलेलं. तीन, फडाच्या बांधावर हलवता येईल असा आडोसा आणि तिथे पाणी. चरक धुवायला पाणी पुरतं, तर याला पुरेल. पाळीच्या दिवसांत बाई बसून राहिली तर खाडा नाही, हेही त्याच ओळीत लिहा. चार, टोळी निघण्याआधी प्रत्येकाला धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि अंगावरून जाण्याची तक्रार असलेल्या बाईची तपासणी आधी आपल्या इथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. पिशवीचा निर्णय त्यानंतर. उचलीच्या करारावर अंगठा घेतात, त्याच कागदावर हे येऊ द्या.

समोरच्या रांगेत दोन कारखान्यांचे संचालक बसलेले मला दिसताहेत. मुकादमही चार-पाच असावेत. हसू नका, मी ओळखते तुम्हाला. दसऱ्याला फार दिवस राहिले नाहीत. यंदाच्या गळिताला या चार ओळी कोणत्या कारखान्याच्या वहीत पडणार आहेत, आणि कोणत्या तारखेपासून? उत्तर आत्ता नको. चहापाणी होईल तेव्हा मी दाराशी बसणार आहे, वही घेऊन. नावं तिथे लिहा.